ऑपरेटरने आधी फोन ठेवायचा नसतो

पाटणकर साहेबांनी नवा फोन कानाला लावला, "हॅलो, पाटणकर बोलतोय" म्हणाले, ओपीडीसमोरच्या जिन्याच्या दोन-चार पायऱ्या चढले आणि थांबले. फोन कानापासून लांब धरून त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने त्यांना शिवी दिली होती.

"गेला," ते म्हणाले.

"पुन्हा लावून बघू साहेब," मी म्हणालो.

पुन्हा लावला. पलीकडे वरच्या मजल्यावर सालोमी सिस्टर होत्या. "हो साहेब... तुमचा... वा..." एवढं आलं आणि पुन्हा सगळं गार. जिन्याखाली बसलेल्या नातेवाइकांपैकी एक फेटेवाला कळकळीने म्हणाला, "सायेब, भाईर लिंबाखाली जावा. तितं रेंज घावती." सगळे हसले. पाटणकर साहेब हसले नाहीत. ते ट्रस्टचे सेक्रेटरी होते, आणि हॉस्पिटलच्या आवारात आपल्यावर कुणी हसण्याची त्यांना सवय नव्हती.

"सुहासराव, तुम्ही काय सांगितलं होतं? डॉक्टर बोलत बोलत सगळं हॉस्पिटल फिरले तरी आवाज तुटणार नाही."

"हो साहेब."

"मी अजून पहिल्या मजल्यावरसुद्धा पोचलो नाही." त्यांनी फोन माझ्या हातात ठेवला. "आज संध्याकाळपर्यंत वेळ देतो. चाललं तर ठीक. नाहीतर हे सगळं सामान उतरवा आणि पुण्याला परत न्या. विश्वस्तांना मी सांगतो, आपलं जुनंच बरं होतं म्हणून." मग पॅसेजकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "अरे, काकांना सांगा कुणीतरी, बोर्ड चालू करा म्हणावं!"

स्वतंत्र धंद्यातलं माझं हे पहिलं काम. अशा वेळी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसाला वाटायला हवं. पण खरं सांगतो, मला बरं वाटलं. इतकं बरं, की ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो.

कारण ते काका म्हणजे माझे सख्खे मामा होते.

रघुनाथ शेटे. हॉस्पिटलचे टेलिफोन ऑपरेटर. लहानपणी तापात त्यांचे दोन्ही डोळे गेले. आजोबांनी त्यांना पुण्याच्या अंधशाळेत घातलं, तिथे ते बोर्ड चालवायला शिकले, आणि नीरेकाठच्या आमच्या या तालुक्याच्या गावात ट्रस्टने हॉस्पिटल काढलं तेव्हा पहिल्या दिवसापासून त्या खुर्चीत बसले. प्रवेशद्वाराच्या डाव्या हाताला एक चिंचोळी खोली, तिच्यात बोर्ड, बोर्डासमोर मामा. बोर्डाच्या बटणांवर मामीने तिच्या मखमली टिकल्या चिकटवून दिल्या होत्या. बालरोग विभागाला एक टिकली, ऑपरेशन थिएटरला दोन शेजारी शेजारी, फोन बंद करायच्या बटणावर मोठी, लग्नाकार्यात लावतात तसली. एखादी झिजली की मामी नवीन पाकीट घेऊन यायची. "गावातल्या बायका कपाळाला लावतात, आमच्या बायकोने टेलिफोनला सौभाग्य दिलंय," असं मामा म्हणायचे.

गावाला मामांचा चेहरा ठाऊक नसला तरी आवाज ठाऊक होता. रात्री-अपरात्री घाबरून फोन केला की पलीकडून आधी तोच आवाज यायचा, "घाबरू नका, जोडून देतो, फोन धरून ठेवा." आणि त्यांचा एक नियम होता. ऑपरेटरने आधी फोन ठेवायचा नसतो. समोरच्याने ठेवला की मग आपण. मी लहान असताना सुट्टीत त्यांच्याजवळ जाऊन बसायचो, तेव्हा एकदा विचारलं होतं, असं का? तर म्हणाले, "माणूस फोनवर सगळ्यात महत्त्वाचं असतं ना, ते शेवटी बोलतो. ठेवू का म्हणतो, आणि मग बोलतो. आपण आधी ठेवला तर ते राहून जातं."

हे काम मला मामांनीच मिळवून दिलं होतं. मी पुण्यातली नोकरी सोडून स्वतःचं दुकान मांडलं होतं आणि आठ महिने माश्या मारत बसलो होतो. एक दिवस मामांचा फोन आला. "आमच्या इथं वायरलेस फोन बसवणार आहेत. मी साहेबांना सांगितलंय, माझा भाचाच हे करतो. ये आणि भेट." मी आलो. पाटणकर साहेबांनी नकाशा पसरला. सगळं ठरलं. छतांना पांढरी यंत्रं लावायची, डॉक्टर आणि सिस्टरांच्या खिशात फोन द्यायचे. माणूस चालत निघाला की एका यंत्राने आवाज पुढच्या यंत्राच्या हाती द्यायचा, पंगतीत वाढप्याने दुसऱ्याच्या हाती पातेलं द्यावं तसा. थेंबही सांडता कामा नये, असं मीच मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो. आणि निघता निघता साहेब म्हणाले, "हे झालं की एक्स्चेंजची खोली मोकळी होईल. तिथे आपण पैसे भरायची खिडकी करू."

"आणि मामा?" मी विचारलं.

"काकांना आम्ही असंच नाही सोडणार. चांगला कार्यक्रम करू. शाल, श्रीफळ, सगळं."

मी काय बोलणार होतो? मी नाही म्हटलं असतं तर साताऱ्याची एक पार्टी तयारच होती. तिने तेच केलं असतं, आणि मामांच्या शब्दावर आलेला भाचा पळून गेला, हे वर. नोकरीला अजून सहा-सात वर्षं होती त्यांची. घरात मामी, लग्नाची मुलगी, आणि पन्नाशी ओलांडलेल्या आंधळ्या ऑपरेटरला दुसरीकडे कोण ठेवून घेणार? काम चालू असेपर्यंत मी मामांच्याच घरी उतरलो होतो. मामी रोज माझ्या डब्यात भाकरीबरोबर लोण्याचा गोळा घालायची, आणि मामा शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचे, "आमच्या सुहासने आणलंय ते. बिनतारी. आता डॉक्टर संडासात असले तरी सापडतील." खाल्ल्या घरचे वासे मोजणारे मी ऐकून होतो. मी तर वासेच काढायला आलो होतो, आणि घरधनी मला लोणी वाढत होता. रोज ठरवायचो, आज सांगू. रोज घास तोंडात असायचा.

तर आता काम फसलं होतं आणि मामा पुन्हा खुर्चीत जाऊन बसले होते. बुटाची नाडी बांधून मी उभा राहिलो, सहज वर पाहिलं, आणि काम का फसलं ते मला दिसलं.

माझी यंत्रं छताला नव्हती. म्हणजे होती, पण दिसत नव्हती. प्रत्येक यंत्राभोवती एक लोखंडी पेटी होती. छताच्या रंगाशी रंग जुळवलेली, कोपरे घासलेली, आणि खाली कुलूप. शनिवारी दुपारी मी केबलच्या जोडण्या आणायला पुण्याला गेलो होतो, तेव्हा इथे हे झालं होतं.

"आवडलं का?" मागून आवाज आला. स्टोअरकीपर गुजर अण्णा. हातात किल्ल्यांचा जुडगा, चेहऱ्यावर मुलीचं लग्न पार पाडल्याचं समाधान. "दोन दिवस वेल्डरला घरी जाऊ दिलं न्हाई. साहेबांनी सुदिक बघितलं. म्हणाले, अण्णा, हे बेस केलंत."

"अण्णा, हे कशासाठी?"

"कशासाठी म्हंजे? एवढी महागाची वस्तू उघडी ठेवायची? आमच्या दवाखान्यातनं नळाच्या तोट्या जात्यात. गेल्या साली भिंतीवरचं घड्याळ गेलं, चालू!"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्या हॉस्पिटलात साखळीशिवाय काही टिकत नसे. पाण्याचा पेला साखळीला, पेन सुतळीला, व्हीलचेअर खांबाला. पंख्यांनासुद्धा जाळ्या होत्या. अण्णांनी आयुष्यभर जे केलं तेच माझ्या यंत्रांना केलं. आवाज लोखंडाच्या पेटीतून बाहेर येत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांना ठाऊक नव्हतं. सबंध गावात ते एकट्या मला ठाऊक होतं.

"वारा लागावा म्हणून खालनं भोकं पाडल्यात," अण्णा म्हणाले. "गरम व्हायला नको."

"फार चांगलं केलंत अण्णा," मी म्हणालो. इतकं मनापासून मी कुणाला कधी म्हटलं नसेल.

तोंड बंद ठेवायचं, एवढंच करायचं होतं. संध्याकाळी सामान उतरवायचं, पुण्याला जायचं. माझं नाव खराब होईल, होऊ दे. मी तरुण होतो, नाव पुन्हा करता आलं असतं. मामांची खुर्ची राहिली असती. मी शीळ घालत एक्स्चेंजच्या खोलीत गेलो.

खोलीत सणासारखं वातावरण होतं. सालोमी सिस्टर स्वतः चहा घेऊन आल्या होत्या. "काका, तुम्ही आहात म्हणून बरं. त्या नव्या डबड्यातून मला साहेबांचं एक अक्षर कळलं तर शपथ." मामा कानाला हेडफोन लावून हसत होते. एक हात बोर्डावर फिरत होता. टिकली चाचपायची, बटण दाबायचं, "बोला... धरा हं... जोडतोय." सिस्टर गेल्या. मी स्टुलावर बसलो.

"काय झालं रे?" मामांनी विचारलं.

"कळत नाही मामा. आवाज तुटतोय."

"का तुटतोय?"

"कळत नाही म्हटलं ना."

मामांनी मान माझ्याकडे वळवली. "सुहास, लहानपणी बरणीतला लाडू खाल्लास की तू असाच आधी आवंढा गिळायचास आणि मग 'मी नाही' म्हणायचास. सांग, का तुटतोय?"

ज्याने जन्मभर माणसं नुसती ऐकलीत, त्याच्यापुढे खोटं बोलून काय उपयोग? मी सांगितलं. पेट्या, कुलपं, वाऱ्याची भोकं, सगळं. मामा इतके हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. "अण्णाच तो! उद्या साहेबांच्या टकलाला पण कुलूप लावील, केस चोरीला गेले म्हणून." मग हसू ओसरलं. "मग काढ की पेट्या. बसलायस काय?"

"राहू द्या मामा."

"का राहू दे?"

बोर्ड वाजला. कुणाचा तरी बाप अतिदक्षता विभागात होता. मामांनी त्याला धीर दिला, जोडून दिलं, पलीकडे बोलणं सुरू झालं आहे एवढं पाहिलं आणि बटणावरून बोट काढलं. मला वाटलं, आता सांगावं. मामा, पेट्या निघाल्या की तुम्ही इथे नसाल. या खोलीत पैसे भरायची खिडकी होईल.

"राहू द्या," मी पुन्हा म्हणालो. "माझं ऐका ना एकदा."

"तुझं पहिलं काम आहे," मामा म्हणाले. त्यांनी हेडफोन काढून खुंटीला लावला आणि कोपऱ्यातली काठी घेतली. "बोर्डावर सिस्टरला बसव घटकाभर. शिडी कुठाय? मी धरतो."

"मामा, नको."

"अरे, पडलास तर तुझी आई माझा जीव घेईल. चल."

आणि ते निघालेसुद्धा. मी त्यांच्या मागे. असा लाचार मी त्याआधी कधी नव्हतो आणि नंतरही झालो नाही. माणूस आपणहून विहिरीकडे चाललाय, त्याला विहीर दिसत नाही, आणि मला 'विहीर' हा शब्द उच्चारता येत नाही.

अण्णांनी किल्ल्या द्यायला आधी साफ नकार दिला. मग मामा म्हणाले, "अण्णा, देवाला सोन्याच्या देव्हाऱ्यात ठेवलंस, पण दार लावून घेतलंस. भक्तांनी करायचं काय?" अण्णा कुरकुरत आले. "चोरीला गेलं की माझ्याकडं बोट दाखवायचं न्हाई. आधीच सांगतो." शिडी लागली. मी वर, खाली मामा दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून, काठी काखेत. कुलूप काढायचं, पेटी उतरवायची, खाली द्यायची. मामा प्रत्येक पेटीवरून हात फिरवायचे. "वेल्डिंग काय गुळगुळीत आहे रे. अण्णा, वाया नाही जाणार, घरी तांदूळ ठेवायला दे मला एक." येणारे-जाणारे थट्टा करत होते. "काका, आता वायरमन झालात का?" "प्रमोशन मिळालंय," मामा म्हणत होते. एकेक पेटी खाली जात होती आणि मी वरून त्यांच्या डोक्यावरचा विरळ झालेला भांग पाहत होतो. मामीने सकाळी पाडून दिलेला.

शेवटची पेटी एक्स-रे विभागासमोर निघाली, तोवर उन्हं कलली होती. पाटणकर साहेब आले. "आता चालतंय?"

"फिरून बघावं लागेल साहेब," मी म्हणालो. "एकाने फोन घेऊन सगळीकडे बोलत फिरायचं, दुसऱ्याने एका जागी बसून ऐकायचं. कुठे तुटतोय ते कळतं."

"मग फिरा."

"मी फिरतो," मामा म्हणाले. "सुहास, तू माझ्या खुर्चीत बस. बोर्डावर मी फोन लावतो. ऐकायला तिथूनच बरं."

साहेबांना काय वाटलं कोण जाणे, पण ते नाही म्हणाले नाहीत. मी नवा फोन मामांच्या हातात दिला. सपाट काचेचा. त्यांचा अंगठा काचेवरून नुसता घसरत राहिला. मी त्यांचं बोट धरून हिरव्या खुणेवर ठेवलं.

मग मी एक्स्चेंजच्या खोलीत जाऊन त्या खुर्चीत बसलो. लहानपणापासून शेजारच्या स्टुलावर बसलो होतो, खुर्चीत पहिल्यांदाच. मामीने शिवलेली गादी मधोमध दबलेली होती. हेडफोनला मामांच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. बोर्ड वाजला. मी टिकली चाचपली, बटण दाबलं.

"हॅलो," मामा म्हणाले. "येतोय का आवाज?"

"येतोय."

"ओपीडीत आहे. बाकं संपली. आता जिना." काठीचा टकटक आवाज, मग पायऱ्या. सकाळी साहेबांचा फोन जिथे मेला होता ती पायरी मी मनात मोजत होतो. तूट, मी म्हणालो. देवाशपथ, माझ्याच यंत्राला मी म्हणालो, तूट बाबा.

"जिना झाला," मामा म्हणाले. "चांगलं केलंयस रे काम."

"मामा, परत या. झालं तेवढं पुरे."

"अजून कुठे? बाळंतिणींचा वॉर्ड आला. ऐक." एक मूल टाहो फोडत होतं. इतकं स्पष्ट, की जणू खोलीतच होतं. "पोरगं जोरकस आहे. टेलिफोन ऑपरेटर होणार." ते पुढे चालत राहिले. नुसती काठी. मग म्हणाले, "सुहास, तुला पाटणकर साहेबांनी काय सांगितलंय ते मला ठाऊक आहे."

मी दाराकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

"ऐकतोयस ना? का तुटला?"

"ऐकतोय मामा."

"साहेबांनी अध्यक्षांना मुंबईला फोन लावायला सांगितला होता. दिवाळीच्या आधी. मीच जोडला. आपण ऐकायचं नसतं, पण पलीकडे लागलाय की नाही एवढं बघावं लागतं. एक वाक्य कानावर पडतंच. तर साहेबांचं पहिलंच वाक्य निघालं, 'तो आंधळ्या ऑपरेटरचा खर्च आता आपण बंद करू शकतो.'" मामांची काठी दोनदा वाजली. "पुढचं नाही ऐकलं. बटणावरून बोट काढलं."

"दिवाळीच्या आधी?" मी म्हणालो. "म्हणजे मला बोलवायच्याही आधी?"

"मग काय तर. मी बोट काढलं आणि बसलो विचार करत. खुर्ची तर जाणारच होती. साताऱ्याच्या कुणीतरी उठवण्यापेक्षा आपल्या पोराने उठवलं तर काय वाईट? निदान काम तरी घरात आलं. तू रिकामा बसला होतास, ताई रोज फोनवर रडायची. मग साहेब खाली आले तेव्हा मीच म्हटलं, माझा भाचा हेच करतो."

"मामा, तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू आला असतास का?" ते हसले. "आणि तू तरी मला कुठे सांगितलंस? आपण दोघं रोज एका ताटात जेवलो आणि दोघंही आवंढे गिळत राहिलो. मामीला वाटतंय, तिचा स्वयंपाक बिघडलाय. तिला अजून ठाऊक नाही. मी सांगेन. तू नको सांगू."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते मामांना ऐकू जाऊ नये म्हणून मी तोंड दाबून धरलं होतं. दाराशी पाटणकर साहेब येऊन उभे होते. त्यांनी खुणेने विचारलं, ठीक आहे? मी मान हलवली. काय करणार?

"एक्स-रेचं दार आलं," मामा म्हणाले.

माझी शेवटची आशा तीच होती. तिथल्या भिंतींत शिसं होतं. तिथे भलेभले फोन मरतात. मी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबला. खरखर झाली. एक क्षण काहीच नव्हतं. मग काठी. टक. टक.

"...येतोय ना?"

"येतोय," मी म्हणालो.

"शाबास. आता उतरतो. स्वयंपाकघर. डाळ करपलीय आज. आता मागचा पॅसेज... आता आवार." बाहेरची पाखरं ऐकू येत होती, रिक्षा, लिंबाखालच्या माणसांची कुजबुज. अॅम्ब्युलन्ससाठी गेटवर मी एक यंत्र लावलं होतं, सगळ्यात चांगलं. त्या यंत्राने आवाज अलगद आपल्या हाती घेतला. थेंबही सांडला नाही.

"गेटवर आलो," मामा म्हणाले. "इथे येतोय का?"

"येतोय."

"स्वच्छ?"

"स्वच्छ, मामा."

"मग झालं तुझं काम. फोन मी वॉचमनकडे देतो. माझा डबा तेवढा घरी येताना घेऊन ये. आणि खुर्चीची गादी. ती मामीची आहे, हॉस्पिटलची नाही." ते थांबले. काही बोलतील असं वाटलं, बोलले नाहीत. फक्त त्यांचा श्वास येत होता. "चल. ठेव आता."

मी ठेवला नाही.

"सुहास, ठेव."

"तुम्ही ठेवा मामा."

"असं कसं?" मामा म्हणाले, मी लहान असताना समजावायचे त्याच आवाजात. "ऑपरेटरने आधी ठेवायचा नसतो."

आज किती हॉस्पिटलांत माझी यंत्रं आहेत. कुठेही काम संपलं की फिरून बघायला मी दुसऱ्याला पाठवतो आणि ऐकायलाही दुसऱ्यालाच बसवतो. पोरांना वाटतं, मालक झाल्यावर माणूस आळशी होतो.

त्या संध्याकाळी मात्र मीच बसलो होतो. दारात पाटणकर साहेब घड्याळाकडे पाहत होते. गेटवर मामा फोन कानाला लावून, काठी काखेत धरून उभे होते, मी ठेवण्याची वाट पाहत. त्यांनी जन्मात कधी आधी ठेवला नव्हता, आणि त्या दिवशीही ठेवणार नव्हते. मी बोर्डावर बोट फिरवलं. मामीची मोठी टिकली बोटाला लागली. मऊ होती.

मी फोन ठेवला.